चीजच्या कण्या

सव्वीस वर्षं मी अंगणवाडीत मदतनीस होते. रोज चाळीस पोरांची खिचडी. सव्वीस वर्षांत एकाही पोराचं पोट बिघडलं नाही, आणि बिघडलं ते नेमकं माझ्या सख्ख्या नातीचं, माझ्याच घरी. मागच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मितू चार दिवस राहायला आली आणि तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. यवतमाळला नेऊन तीन दिवस सलाईन लावावं लागलं. कशानं झालं ते कोणालाच कळलं नाही.

माझी सून उर्वशी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते आणि विषय संपला असता. ती गप्प राहिली, आणि त्यानंतर आमच्याकडे येताना मितूची पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा घरून आणायला लागली. सकाळी येणार, संध्याकाळी जाणार, आणि पोरीनं आजीच्या घरचं घोटभर ताकही प्यायचं नाही. वर्षभर हे चाललं. माझा मुलगा राजदीप म्हणायचा, "आई, तू मनावर नको घेऊ." मनावर नाही तर कुठं घ्यायचं, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

उर्वशी यवतमाळच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचं दोन दिवसांचं तपासणी शिबिर आमच्या राळेगावच्या आसपासच्या गावांत लागलं. राजदीप शिक्षक, शाळा उघडायच्या होत्या म्हणून त्याला सुटी नव्हती. दुसऱ्या दिवसासाठी उर्वशीची आई दारव्ह्याहून येणार होती, पण पहिल्या दिवशी तिला जमत नव्हतं. म्हणून नाइलाजानं मी. एकच दिवस, नऊ ते पाच. हा दिवस नीट पार पडला तर नात पुन्हा माझ्याकडे राहायला येईल, नाही तर कायमची दुरावेल, एवढं मला स्वच्छ कळत होतं. आदल्या रात्री मी घर दोनदा पुसलं.

सकाळी नऊला उर्वशी आली. शिबिराची गाडी रस्त्यावर उभी होती.

"आई, डबा हाये पिशवीत. बारा वाजता द्या तिले. बाहेरचं काही नका देऊ."

"घरातलं देऊ का?" मी विचारलं.

ती हसली नाही. "पाचले येतो मी," म्हणाली आणि गेली.

मितू सहा वर्षांची. इंग्रजी शाळेत जाते, त्यामुळे आमच्यासारखं "मले-तुले" न बोलता पुस्तकातल्यासारखं "मला-तुला" बोलते. अकरा वाजता तिनं स्वतःच डबा उघडला, दुधीची भाजी हुंगली आणि झाकण लावून टाकलं.

"आजी, मला हे नको. मला चीजवालं पाहिजे. आद्याच्या बर्थडेला होतं ना, वरून भाजलेलं, ओढलं की तार निघते, ते."

"माह्याकडं ओव्हन नाई, बाई."

"मग आद्याच्या आईकडे आहे."

मी मागच्या भिंतीपाशी गेले आणि गुलनारला हाक मारली. गुलनार आमची शेजारीण, तिचा नवरा अय्यूब ऑटो चालवतो. ती घरी केक करून विकते, तिला ह्यातलं सगळं कळतं.

"ओव्हन कायले लागते मावशी?" ती म्हणाली. "कुकरात जाड मीठ टाका बोटभर. शिट्टी काढा, रबर काढा. आधी दहा मिनिट रिकामा कुकर तापवा, मंग भांडं ठेवा. मी केकबी तसाच करतो. अन् चीज माह्या फ्रीजमधी पडलं हाये, घेऊन जा."

उर्वशीनं डब्याचं सांगितलं होतं आणि मी ते मोडायला निघाले होते, हे मला माहीत होतं. पण पोरगी माझ्याकडे तोंड वर करून बघत होती. वर्षभरात तिनं माझ्याकडे पहिल्यांदा खायला मागितलं होतं.

आद्याच्या आईनं भाताचं केलं असेल नाही तर मॅकरोनीचं. माझ्या डोक्यात ज्वारीच्या कण्या आल्या. जाडसर भरडलेली ज्वारी ताकात शिजवायची, उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी होतं. आपल्या वावरातलं धान्य, आपल्या हातानं धुतलेलं, आपल्यासमोर शिजलेलं. ह्यात कुठं खोट काढायला जागाच राहणार नाही, असं मला वाटलं.

आमच्या स्वयंपाकघरात त्या आठवड्यात ज्वारीचे दोन डबे होते. पत्र्याचे, एकाच दिवशी बाजारातून आणलेले, हुबेहूब सारखे. एक खायचा. दुसऱ्यात बियाणं. माझे मालक भीमराज कापसाच्या पराटीच्या कडेनं चार ओळी ज्वारी पेरतात आणि त्याचं बी स्वतः कणसं निवडून ठेवतात. दोन दिवसांपूर्वी त्यांनी त्या बियाण्याला औषधाची पावडर चोळली होती. गुरांच्या कोठ्यात उंदीर झाले म्हणून डबा घरात आणला, तेव्हा मी चांगलीच भांडले होते.

"चिंधी बांधली हाये ना लाल," ते म्हणाले होते. "चिंधीवाल्या डब्याले हात लावू नको, झालं. दोन दिवसाचा तं सवाल हाये."

मी तिथंच उठून तो डबा बाहेर ठेवायला पाहिजे होता.

आता मी खाली वाकून पुढचा डबा पाहिला. कडीला चिंधी नव्हती. म्हणजे खायचा. दोन पेले ज्वारी काढली, पाखडली, दोन पाण्यांनी धुतली, अंगणात धोतरावर पसरली. ऊन असं होतं की दाणे दहा मिनिटांत कोरडे. मिक्सरला दोन-तीनदा फिरवून भरड काढली, पीठ चाळून वेगळं केलं आणि छोट्या कुकरात दूध-पाणी टाकून शिजवून घेतली. कांदा, ढोबळी मिरची, थोडं गाजर परतलं, त्यात कण्या, मीठ, मिरपूड, अर्धं चीज किसून. स्टीलच्या टोपाला लोणी लावलं, सगळं त्यात दाबलं, वरून उरलेलं चीज. मोठ्या कुकरात मीठ तापलं होतंच. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर वर सोनेरी डाग पडले होते आणि कडा बुडबुडत होत्या. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

मितूनं चमचा घातला, वर ओढला, तार निघाली. ती ओरडलीच.

"आजी, आद्याच्यापेक्षा भारी!"

तिनं वाटीभर खाल्लं आणि पुन्हा मागितलं. दुसऱ्या वाटीच्या वेळी तिनं आपली बाहुली मांडीवर घेतली. "हिला पण भूक लागली," म्हणाली आणि चमचा बाहुलीच्या तोंडाजवळ नेला.

बाहुलीच्या केसांना लाल चिंधी बांधलेली होती.

मी ती चिंधी चिमटीत धरली. मग मी विचारलं.

"मितू, हे चिंधी कुठची वं?"

"डब्याची."

"कोनत्या डब्याची?"

तिनं स्वयंपाकघराकडे हात केला. मी तिला उचलून आत नेलं. दोन्ही डबे शेजारी शेजारी. एकालाही चिंधी नव्हती. ज्याला चिंधी नाही तो खायचा, एवढंच मी पाहिलं होतं. दुसऱ्याला चिंधी आहे का, हे पाहायला मी वाकलेच नव्हते.

"ह्याची का त्याची? बाप्पा, सांग ना."

ती दोन्हींकडे पाहत राहिली. एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मग माझा चेहरा बघून तिचे डोळे भरले. "आजी, मी परत बांधते ना," ती म्हणाली.

घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

तुम्ही म्हणाल, डबे उघडून बघायचे. उघडले मी. खायच्या ज्वारीला कीड लागू नये म्हणून मी बोरिक पावडर चोळते. बियाण्याला ते औषध चोळतात. दोन्ही डब्यांत हात घातला, दोन्हीकडे बोटं पांढरी झाली. हुंगून पाहिलं तर नाकात चीजचाच वास बसलेला. दाण्यात काही फरक दिसतो का म्हणून ओंजळ उजेडात नेली, पण दाणेही सारखेच दिसले. भीमराज वावरात, आणि त्यांचा फोन नेहमीसारखा घरात चार्जरला लावलेला. औषधाचं नाव काय ते मी कधी विचारलंच नव्हतं.

ह्यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते. मी फोन हातात घेतला आणि उर्वशीचं नाव काढलं. आणि दाबलं नाही. मी मनाला म्हटलं, दोन पाण्यांनी धुतली आहे. पाखडली आहे. शिजली आहे, वरून भाजली आहे. काय उरलं असेल त्यात? आणि कशावरून हा बियाण्याचाच डबा? पोरगी तर हसते-खेळते आहे. पाच वाजता उर्वशी येईल, घेऊन जाईल, कोणाला काही कळणार नाही. सांगितलं तर मात्र संपलं. पुन्हा ही पोरगी माझ्या दारात एकटी उभी राहणार नाही.

मग मला एक वेडी अक्कल सुचली. टोपात उरलेलं मी वाटीत काढलं आणि गपागप खाल्लं. मला काही झालं तर समजेल. नाही झालं तर पोरीलाही काही होणार नाही. खाल्लं आणि भिंतीला टेकून स्वतःची नाडी धरून बसले. नाडी धडधडत होती. ती विषानं की भीतीनं, हे मला कसं कळणार होतं? मळमळल्यासारखं वाटायचं, मग वाटायचं की नाही. समोर मितू बाहुलीला झोपवत होती आणि मी तिचे ओठ बघत होते, डोळे बघत होते, हाताला घाम आला का ते बघत होते.

"आजी, तू माझ्याकडे अशी काय बघतेस?"

"काई नाई. तुले कसं वाट्टे? पोट दुखते का?"

"नाही. मला झोप येते."

ही पोरगी दुपारी कधी झोपत नाही. मागच्या वर्षी राहायला आली तेव्हाही एकदाही झोपली नव्हती. मी फोन दाबला. दीड वाजला होता.

उर्वशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, ओकाऱ्या काढू नका. काही पाजू नका. दोन्ही डबे संग घ्या अन् आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा. झोपू देऊ नका तिले. मी निघाली." आवाज सपाट. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुलनारनं अय्यूबला जेवणावरून उठवलं. ऑटोत मितू माझ्या मांडीवर, पायाशी दोन डबे, आणि मी तिला सारखी हलवत होते, गाणं म्हण, पाढे म्हण, काहीही म्हण. ती चिडून रडायला लागली. मला तिचं रडणं गोड लागत होतं. आम्हाला दवाखान्यात सोडून अय्यूब तसाच भीमराजला आणायला वावराकडे गेला.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी मितूच्या डोळ्यांत टॉर्च मारला, नाडी पाहिली, छाती तपासली. "किती वाजता खाल्लं? कोणतं औषध होतं?" वेळ मी सांगितली. औषध सांगता येईना. नातीच्या जेवणात काय गेलं ते माहीत नसलेली आजी, अशी मी तिथं उभी होते. त्यांनी मितूला खाटेवर निजवलं आणि शेजारी सिस्टर बसवली.

पाऊण तासानं उर्वशी आली. माझ्याकडे न बघता सरळ खाटेपाशी गेली. मितूचा हात हातात घेतला, डॉक्टरांशी काहीतरी बोलली, त्यांच्यातलं बोलणं मला समजलं नाही. मी दाराशी डब्यांजवळ उभी होते. बसायची हिंमत नव्हती.

मग भीमराज आले. पायाला माती, चेहरा पांढराफटक. अय्यूबनं रस्त्यात सगळं सांगितलं होतं. खाली बसले आणि विचारलं, "कोनत्या डब्यातली घेतली?"

मी दाखवला. माझा पेला अजून त्यातच होता.

त्यांनी त्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी चाचपडले, उजवीकडे, डावीकडे. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो, डॉक्टरही. हात रिकामा वर आला. मग त्यांनी दुसऱ्या डब्यात हात घातला आणि तळातून चुरगळलेलं रिकामं पाकीट बाहेर काढलं.

"औषधाचं पाकीट मी बियाण्याच्या बुडाशी टाकून ठेवतो," ते म्हणाले. "म्हंजे किती चोळलं थे ध्यानात राह्यते. हे बियाणं हाये. थे खायची ज्वारी हाये."

डॉक्टरांनी पाकीट वाचलं, पुन्हा मितूला तपासलं आणि म्हणाल्या, "काही झालेलं नाही. पण पाचपर्यंत राहू द्या इथंच." मितूनं विचारलं, आता झोपू का. सगळे हसले. मला हसू आलं नाही, मी तिथंच फरशीवर बसले.

साडेचारच्या सुमारास गुलनारही आली. व्हरांड्यात बाकावर बसून सगळे बोलायला लागले, जसं संकट टळल्यावर बोलतात. गुलनार उर्वशीला म्हणाली, "तुझ्या सासूनं जराबी टाइम नाई लावला व. दुसरी असती तं दाबून ठेवलं असतं. हिनं समजल्याबरोबर फोन लावला." अय्यूबनंही मान हलवली. भीमराज म्हणाले, "चूक माही हाये, डबा घरात मीच आनला."

उर्वशी माझ्या शेजारी येऊन बसली. वर्षभरात पहिल्यांदा इतकी जवळ. "बरं झालं आई, लगेच सांगतलं," ती म्हणाली.

आता मी गप्प बसायचं, एवढंच काम होतं. सगळे माझ्या बाजूनं होते. धान्य खायचंच निघालं होतं. कुणी विचारतही नव्हतं. पण ते "लगेच" खरं नव्हतं. ह्या शब्दावर माझी नात मला परत मिळाली असती, आणि तिच्याकडे बघताना दर वेळी मला तो शब्द आठवला असता.

"लगेच नाई सांगतलं," मी म्हणाले. "मले एक वाजून पाचले समजलं. तुले फोन दीडले केला."



"पंचवीस मिनिटं?" उर्वशीनं विचारलं.

"हो. तू पोरीले पुन्हा माह्यापाशी ठेवनार नाई, ह्या भेवानं बसून राह्यली मी. पोरीचा नाई, माहाच इचार केला."

तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलेना. "पंचवीस मिनिटं काय केलं मंग?"

"डबे पाह्यले. कळलं नाई. मंग टोपात उरलेलं वाटीभर मीच खाल्लं. मले काई होते का थे पाह्यत होतो."

उर्वशी ताडकन उठली.

"तुम्ही खाल्लं? औषधाचं असंन असं वाटत असताना? अन् हे डॉक्टरले सांगतलं?"

"मले कोनी इचारलंच नाई."

"इचारन कोन? तुम्ही सांगाले पाह्यजे!" ती ओरडली. दवाखान्यातले लोक वळून बघायला लागले. लग्न होऊन आठ वर्षं झाली, माझ्यावर ओरडली नव्हती कधी. "तीन तास झाले इथं येऊन! बियाणं निघालं असतं तं? एकीले पाह्यलं असतं मी का दोघींले?"

आणि तिनं माझं मनगट धरलं. घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागली. धान्य खायचंच होतं हे ठरलेलं होतं, तरी मोजत होती. तिची बोटं गार पडली होती. ओठ हलत होते, आकडे मोजतानाचे. मी हात काढून घेतला नाही. मिनिट झालं तरी तिनं सोडलं नाही.

"उद्या मी आईले दारव्ह्याहून बोलावत नाई," ती खाली बघून म्हणाली. "उद्याबी मितूले तुमच्याकडंच आनतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दिवसभराची सगळी भीती एकदम वर आली. वर्षभर जे हवं होतं ते समोर आलं आणि मी त्याला हात लावायला तयार नव्हते.

"नको आनू," मी म्हणाले. "उर्वशी, खरंच नको. मले भेव वाट्टे आता."

"म्हनूनच आनतो," ती म्हणाली. "भेव असूनबी खरं सांगतलं तुम्ही. मलेबी भेव वाट्टे."

आत मितू जागी झाली होती आणि भूक लागली म्हणून सांगत होती. आम्ही दोघी उठलो. मला रडू येत होतं आणि ते मी पुसलं नाही.